घशातला गोळा आणि रात्रीची छोटी गोळी

"घशात काहीतरी बसलंय डॉक्टर. गिळलं तर खाली जात नाही, खाकरलं तर वर येत नाही."

नाक-कान-घसा तपासणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे वाक्य नवं नाही. कुणाला तो कफाचा बेडका वाटतो, कुणाला अडकलेला केस, कुणाला माशाचा काटा, तर कुणाला पाण्याबरोबर न उतरलेली गोळी. आमच्या विभागात नव्याने येणाऱ्या शंभर रुग्णांमागे चारेक जण ही तक्रार घेऊन येतात, असा जुना अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांच्या घशात काहीही अडकलेलं नसतं. तरीही त्यांना जाणवतं ते खरं असतं, आणि हा लेख त्याच खरेपणाबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. वय बेचाळीस, त्रास आठ महिन्यांचा. ॲसिडिटीच्या गोळ्यांचे दोन कोर्स झालेले, एंडोस्कोपी झालेली, फाइलमधले सगळे रिपोर्ट नॉर्मल. मी दुर्बिणीतून घसा पाहिला, मान तपासली आणि रात्री घ्यायची दहा मिलिग्रॅमची एक गोळी लिहून दिली: अमिट्रिप्टिलीन. पाचव्या दिवशी त्या परत आल्या आणि त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. दहापैकी सहा गोळ्या तशाच होत्या. म्हणाल्या, "मेडिकलमधल्या मुलाने विचारलं, घरात कुणाला डिप्रेशन आहे का? मला घशाचा त्रास आहे आणि तुम्ही डोक्याची गोळी दिलीत. म्हणजे मी सोंग करते असंच ना?"

चूक माझी होती. मी औषध लिहिलं, पण ते का लिहिलं हे सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांच्यासमोर बसून जे सविस्तर सांगावं लागलं, ते इथे लिहितो आहे. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या हातात अशी चिठ्ठी असेल, तर गोळी बंद करण्याआधी हे वाचा. आणि चिठ्ठी नसताना मेडिकलमधून स्वतःच गोळी आणायचा विचार असेल, तर आणण्याआधी वाचा.

या त्रासाची ओळख त्याच्या वागण्यावरून पटते. वरणभात, भाकरी, चहा सगळं व्यवस्थित खाली उतरतं. उलट जेवताना गोळा नाहीसा झाल्यासारखा वाटतो. तो जाणवतो दोन जेवणांच्या मध्ये, नुसती थुंकी गिळताना. जागा साधारण गळ्याच्या मध्यावर, कंठाच्या आसपास असते. दुखत नाही, नुसतं अडतं. सुट्टीत, प्रवासात, गप्पांत रमल्यावर कमी होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर, परीक्षेच्या दिवसांत, घरात कुणी आजारी असताना वाढतं. वैद्यकात याला ग्लोबस म्हणतात. लॅटिनमध्ये ग्लोबस म्हणजे गोळाच.

नावाचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण बाईंच्या मनातल्या शंकेचं मूळ तिथेच आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी या त्रासाची नोंद केली. १७०७ साली जॉन पर्सेल या डॉक्टरने त्याचं नेमकं वर्णन केलं. पुढे त्याला 'ग्लोबस हिस्टेरिकस' म्हणू लागले, म्हणजे उन्मादी बाईच्या घशातला गोळा. कित्येक पिढ्यांच्या स्त्रियांना या नावाने खोट्यात काढलं. १९६८ मध्ये माल्कमसन या डॉक्टरने दाखवून दिलं की या रुग्णांपैकी बहुतेकांचा स्वभाव 'हिस्टेरिकल' मुळीच नसतो, आणि त्याने नाव बदलून 'ग्लोबस फॅरिंजिअस', म्हणजे घशातला गोळा, एवढंच ठेवायला सुचवलं. पारंपरिक चिनी वैद्यकात याच त्रासाचं नाव आलुबुखारच्या कोयीवरून पडलं आहे. पुरुषांनाही तो होतो, फक्त त्यासाठी दवाखान्याची पायरी चढणाऱ्यांत बायका जास्त असतात.

आपल्या भाषेला हे कधीच ठाऊक होतं. कंठ दाटून येतो, गळा भरून येतो, माणूस आवंढा गिळतो. मुलीची पाठवणी करताना बापाच्या घशात जो गोळा येतो, त्याला कुणी खोटं म्हणत नाही. रडू दाबताना घशातल्या स्नायूंवर खरोखर ताण येतो. श्वासाची वाट उघडी ठेवायची ओढ आणि गिळण्याची क्रिया एकमेकींच्या आड येतात, म्हणून गिळताना अडतं. पाठवणीचा गोळा तासाभरात विरतो. ग्लोबसचा तिथेच मुक्काम करतो.

का करतो, याचं एकच उत्तर नाही. अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूचं एक कडं असतं. एरवी ते मिटलेलं राहतं आणि घास आला की उघडतं. काहींमध्ये या कड्याचा ताण वाढलेला असतो. अनेकांमध्ये कडं अगदी ठणठणीत असतं, पण तिथून मेंदूकडे जाणारा निरोप फार मोठ्या आवाजात पोहोचतो. अन्ननलिकेत छोटा फुगा फुगवून केलेल्या तपासण्यांत असं दिसलं, की इतरांना ज्या ताणाची जाणीवही होत नाही तो या रुग्णांना जाणवतो, आणि जाणवतो तो वर, घशाशी. दारावरची घंटा बिघडलेली नाही, पण आवाजाचं बटण कुणीतरी वर सरकवून ठेवलं आहे, असं मी रुग्णांना सांगतो.

त्यात आपण भर घालतो. काहीतरी आहे असं वाटलं की माणूस ते गिळून पाहतो. आपण दिवसातून शेकडो वेळा नकळत थुंकी गिळतो, ते आता लक्ष देऊन गिळू लागतो. तोंडात थुंकी नसताना कोरडंच गिळलं तर कुणालाही घशात अडल्यासारखं वाटेल. आत्ता सलग चार वेळा कोरडं गिळून पाहा, चौथ्याला तुमच्याही घशात गोळा येईल. मग खाकरणं सुरू होतं, खाकरून घसा चुरचुरतो, चुरचुरला की पुन्हा खाकरावंसं वाटतं. आणि मनात एक शब्द घर करतो, जो रुग्ण शेवटपर्यंत उच्चारत नाही: कॅन्सर.

म्हणून पहिलं काम घसा पाहून घेण्याचं. गोळी त्यानंतर. हा क्रम उलटा करू नका. नाकातून बारीक, वाकणारी दुर्बीण घालून घसा आणि स्वरयंत्र दोनेक मिनिटांत दिसतं. थोडं डोळ्यांत पाणी येतं, दुखत नाही. त्याबरोबर मान चाचपून गाठी आणि थायरॉइड पाहतात, तोंड आतून पाहतात. त्रास वर सांगितला तसाच असेल आणि या तपासणीत काही निघालं नाही, तर सीटी स्कॅन, बेरियमचा एक्स-रे, पुन्हा एंडोस्कोपी यांची सहसा गरज नसते. दर दोन महिन्यांनी नवी तपासणी केल्याने धीर येत नाही. प्रत्येक तपासणी 'अजून काहीतरी सापडायचं राहिलंय' हा संशय ताजा करते.

पण काही लक्षणं अशी आहेत की ती असताना 'हा नुसता ग्लोबस आहे' असं कुणीही म्हणू नये, डॉक्टरांनीसुद्धा. घास खरोखर अडतो, पाणी पिऊन ढकलावा लागतो. गिळताना दुखतं. गोळा कायम एकाच बाजूला जाणवतो आणि त्याच बाजूचा कान ठणकतो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आहे. वजन उतरतंय, थुंकीतून रक्त येतंय, मानेत गाठ लागते आहे, खाल्लेलं न पचता परत तोंडात येतंय. यातलं काहीही असलं तर तपासणी लगेच व्हायला हवी. पन्नाशीनंतर हा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला तर जास्त काळजीने पाहतात. आणि तंबाखूचा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तरी तुम्ही सांगा. पुरुष विडी-सिगारेट, गुटखा कबूल करतात. आपल्याकडच्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं मिश्री लावतात, आणि 'तंबाखू खाता का?' याचं उत्तर त्या मनापासून 'नाही' असं देतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दारूचंही तसंच, सांगून टाका. फार दिवस अंगात रक्त कमी असलेल्या बाईला घास अडू लागला, तर तीही गोष्ट वेगळी. तिथे लोह तपासावं लागतं आणि अन्ननलिकाही पाहावी लागते.

आता ॲसिडिटीबद्दल. बहुतेक रुग्ण माझ्याकडे पोहोचतात तोवर त्यांनी पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल काही महिने घेतलेलं असतं. छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं अशी लक्षणं असतील तर ते काही आठवडे घेऊन पाहणं रास्त आहे. ती नसतील तर या गोळ्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये. ब्रिटनमधल्या आठ ठिकाणच्या नाक-कान-घसा विभागांत घशाच्या चिवट तक्रारी असलेल्या ३४६ जणांवर एक चाचणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्या लोकांना लॅन्सोप्राझोल दिवसातून दोनदा सोळा आठवडे दिलं, अर्ध्यांना तशीच दिसणारी बनावट गोळी. दोन्ही गटांत सारखाच उतार पडला. आपल्याकडे ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पुष्कळदा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं, ते पाकिटावर वाचून पाहा. ते महिनोन्‌महिने घेतल्याने हातांना कंप सुटणं, चाल मंदावणं, पाळी अनियमित होणं, अंगावर पाजत नसतानाही दूध येणं असे प्रकार होऊ शकतात. ते आपलंआपण चालू ठेवायचं औषध नव्हे.

मग उरते ती रात्रीची छोटी गोळी. अमिट्रिप्टिलीन हे १९६०च्या दशकाच्या आरंभापासून वापरात असलेलं औषध. ते आलं नैराश्यासाठी, आणि त्यासाठी त्याचा डोस साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅम लागतो. घशातल्या गोळ्यासाठी देतात १० ते २५ मिलिग्रॅम. एवढ्या डोसने नैराश्य बरं होईल अशी अपेक्षा कुणी डॉक्टर ठेवत नाही. या डोसमध्ये त्याचं काम निराळं असतं. घसा, अन्ननलिका, आतडी यांच्याकडून मेंदूकडे जाणारे निरोप ज्या रासायनिक दूतांमार्फत जातात, त्यांचं प्रमाण ते थोडं बदलतं आणि निरोपाचा आवाज खाली येतो. मघाच्या घंटेचं बटण खाली सरकवायचं, एवढंच. हेच औषध अर्धशिशी टाळण्यासाठी, मधुमेहात पायांची आग होते त्यासाठी, नागिणीनंतर उरलेल्या वेदनेसाठी रोज दिलं जातं. त्या रुग्णांना कुणी 'तुम्हाला डिप्रेशन आहे का' असं विचारत नाही. एकाच औषधाची दोन कामं असणं नवं नाही: ॲस्पिरिन ताप उतरवायलाही देतात आणि हृदयाच्या रुग्णाचं रक्त गोठू नये म्हणूनही.

पुरावा किती आहे? प्रामाणिकपणे सांगायचं तर ग्लोबससाठी थोडा. चीनमध्ये ३४ रुग्णांवर झालेली एक छोटी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात रोज २५ मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलीन घेणाऱ्यांना चार आठवड्यांत पँटोप्राझोल घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला, झोपही सुधारली. चौतीस जणांच्या भरवशावर मोठे दावे करता येत नाहीत. आमचा विश्वास बराचसा शेजारच्या आजारांवरून आलेला आहे. आतड्यांच्या अशाच अतिसंवेदनशीलतेवर, म्हणजे इरिटेबल बॉवेलवर, ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांची मोठी चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला. तिथे दहा ते तीस मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलीन सहा महिन्यांच्या अखेरीस बनावट गोळीपेक्षा सरस ठरलं. घसा आणि आतडं एकाच नळीची दोन टोकं आहेत, म्हणून हा आधार घेतो. सगळ्यांना गुण येतो असं नाही. ज्यांना येतो त्यांचं जगणं मात्र बदलताना मी पाहिलं आहे, म्हणूनच ही गोळी चौथ्या दिवशी कचऱ्यात जाऊ नये असं मनापासून वाटतं.

चौथ्याच दिवशी का जाते, तेही सांगतो. या औषधाचे त्रास आधी येतात आणि गुण नंतर. पहिल्या आठवड्यात सकाळी डोकं जड वाटतं, तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होते. घशातला गोळा जागच्या जागी. त्या वेळी कुणालाही वाटेल की फायदा शून्य आणि ताप फुकटचा. सकाळची सुस्ती बहुतेकांची दहा-पंधरा दिवसांत ओसरते. गोळ्याची जाणीव कमी व्हायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात. गुण आला की नाही याचा निवाडा सहा ते आठ आठवड्यांनी करायचा, त्याआधी नाही.

गोळी झोपायच्या आयत्या वेळी घेण्यापेक्षा तास-दोन तास आधी, रात्रीच्या जेवणानंतर घ्या. सकाळी उठवत नसेल तर आणखी थोडी लवकर. पहिली गोळी दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल अशा रात्री सुरू केली तर बरं. पहिले काही दिवस पहाटे दुचाकी काढू नका, यंत्रावर काम करत असाल तर जपून. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसा, मग उभे राहा, कारण एकदम उठल्यावर रक्तदाब खाली येऊन चक्कर येऊ शकते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ही सूचना जिवाची आहे. मांडीचं हाड मोडायला एक रात्र पुरते.

तोंडाच्या कोरडेपणाकडे मी मुद्दाम लक्ष देतो, कारण या आजारात तो दुहेरी घात करतो. थुंकी कमी झाली की गिळणं अडखळतं आणि गोळा वाढल्यासारखा वाटतो. रुग्ण म्हणतो, तुमच्या गोळीने त्रास वाढला. त्यावर उपाय डोस लहान ठेवण्याचा. जवळ पाण्याची बाटली ठेवून घोट घोट पाणी प्या, लवंग किंवा साखर नसलेली गोळी चघळा, चहा-कॉफीचे कप कमी करा. एवढं करूनही कोरडेपणा जात नसेल तर डॉक्टरांना सांगा. नॉरट्रिप्टिलीन हे याच कुळातलं औषध बऱ्याच जणांना कमी कोरडं आणि कमी झोपाळू वाटतं. शौचासाठी पालेभाजी, पाणी, गरज पडली तर इसबगोल. वजनावर लक्ष ठेवा, या गोळीने भूक वाढू शकते.

दहा मिलिग्रॅमने दोन आठवड्यांत काहीच हललं नाही तर डॉक्टर डोस हळूहळू पंचवीसपर्यंत नेतात. स्वतःच दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत. गुण आला तर उपचार सहसा काही महिने चालू ठेवतात, अनेकदा सहा महिने, म्हणजे मज्जातंतूंना नवी सवय लागते. थांबवतानाही पायरी-पायरीने: पंचवीसवरून दहा, मग एक दिवसाआड, मग बंद. एकदम सोडली तर दोन-चार रात्री झोप उडते, मळमळतं, आणि रुग्णाला वाटतं की आता गोळीची सवय लागली. तसं नसतं. झोपेच्या गोळीची ओढ लागते, तशी या औषधाची लागत नाही. बाईंनी साडेपाच महिने गोळी घेतली. गोळा पूर्ण गेला का, विचारलं तर म्हणाल्या, "बोर्डाचे पेपर तपासायला आले की हलकासा येतो, पण मी त्याच्याकडे बघत नाही." मला ते उत्तर पुरेसं वाटलं.

काहींनी ही गोळी घेऊ नये, किंवा आधी नीट विचारून घ्यावी. हृदयाचा झटका नुकताच येऊन गेला असेल, ठोके अनियमित असतील, हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा असेल, तर ती टाळतात. पन्नाशीपुढच्यांत किंवा घरात कुणाचा अचानक हृदयविकाराने मृत्यू झाला असेल तर आधी ईसीजी काढलेला बरा. काचबिंदू, विशेषतः अरुंद कोनाचा, प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी अडणं, फिट्स, कधीकाळी मनाचा उन्मादी झटका येऊन गेलेला असणं, गरोदरपण आणि अंगावर पाजणं: यातलं जे असेल ते चिठ्ठी लिहिण्याआधी सांगा. सत्तरीच्या पुढच्यांना या कुळातली औषधं शक्यतो देत नाहीत, कारण तोल जाणं आणि गोंधळल्यासारखं होणं वाढतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, नैराश्यावरची दुसरी एखादी गोळी, सर्दी-खोकल्याचं झोप आणणारं सिरप यांची या औषधाशी गाठ पडू नये, किंवा पडलीच तर डॉक्टरांच्या नजरेखाली पडावी. दारू तर नकोच.

आपल्याकडे मिश्र गोळ्यांचं चलन फार आहे, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. अमिट्रिप्टिलीनबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असेल तर त्यातला दुसरा घटक झोपेच्या औषधांच्या कुळातला आहे आणि त्याची मात्र सवय लागते. फ्लुपेंटिक्सॉल आणि मेलिट्रासेनची जोडगोळीही पोटाच्या तक्रारींसाठी सर्रास लिहिली जाते. तिच्यातला फ्लुपेंटिक्सॉल हा मनाच्या गंभीर आजारांवरच्या औषधांच्या वर्गातला असून त्याने हातापायांना ताठरपणा किंवा कंप येऊ शकतो. तुमच्या चिठ्ठीत असं मिश्रण दिसलं तर घाबरून बंद करू नका, पण 'एकच औषध असलेली गोळी चालेल का?' असं डॉक्टरांना विचारा. हा प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमिट्रिप्टिलीन लहान डोसमध्ये सौम्य असलं तरी एकदम जास्त पोटात गेलं तर हृदयावर घातक परिणाम करतं. पाकीट फ्रिजवर किंवा देवघराच्या कोनाड्यात पडू देऊ नका. लहान मुलाच्या हाताला लागणार नाही अशा कुलपात ठेवा. आणि घरात कुणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तुमच्या स्वतःच्याही, तर ते आधी बोला. मग डॉक्टर औषध बदलतात किंवा एका वेळी थोड्याच गोळ्या देतात. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे, मराठीतून बोलता येतं.

काही रुग्णांत गोळ्याच्या सोबतीला धडधड असते, छातीत कोंडतं, झोप तीनला मोडते, मन दिवसभर कसल्यातरी धास्तीत असतं. तिथे अमिट्रिप्टिलीनऐवजी एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालीनसारखं औषध जास्त उपयोगी पडतं, आणि तेही लहान डोसने सुरू करून. ही औषधं सहसा सकाळी, खाल्ल्यावर घेतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, कधीकधी अस्वस्थपणा उलट वाढतो, तो उतरतो. लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी झाल्याची तक्रार अनेक जण संकोचाने सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. सांगा, त्यावर मार्ग निघतो. पंचविशीच्या आतल्या तरुणांत सुरुवातीच्या आठवड्यांत मनःस्थितीवर घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलं तर तो अपमान समजू नका. ही औषधं रोज हाताळणारे तेच आहेत, डोसची बारीक जुळणी त्यांना माझ्यापेक्षा चांगली जमते.

गोळी एकटी सोडू नका. खाकरायची उबळ आली की एक घोट पाणी घ्या, किंवा ओठ मिटून हलकं 'हूं' करा आणि मग गिळा. दिवसातून किती वेळा खाकरता हे घरच्यांना मोजायला सांगा, आकडा ऐकून तुम्हीच चकित व्हाल. जांभई आल्यासारखं तोंड सैल उघडून सुस्कारा टाका, मान आणि खांदे सैल सोडा. आवाजाच्या आणि वाचेच्या तज्ज्ञांकडे घसा सैल करण्याचे असे व्यायाम शिकवतात. शिक्षक, कीर्तनकार, विक्रेते अशा दिवसभर बोलणाऱ्यांना त्यांचा फार उपयोग होतो. आरशात घसा बघणं आणि बोटांनी मान चाचपणं बंद करा. सारखं दाबल्याने निरोगी कूर्चाही दुखू लागते आणि नवी गाठ सापडल्यासारखं वाटतं.

मी हल्ली प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो: हे सुरू झालं तेव्हा घरात काय चाललं होतं? बाई थोडा वेळ गप्प राहिल्या होत्या. मग म्हणाल्या, सासूबाई गेल्या त्या महिन्यात. सगळं मीच उरकलं, रडायला वेळच झाला नाही. प्रत्येकाच्या गोळ्यामागे असं काही असतंच असं नाही, आणि नसेल तर उकरून काढू नये. पण असेल तर कुणाशी तरी बोलण्याने जो आराम पडतो तो माझ्या चिठ्ठीत मावत नाही.

घरच्यांनो, "काही नाहीये तुला, रिपोर्ट नॉर्मल आहेत" हे वाक्य टाळा. "त्रास आहे, पण धोका नाही, असं डॉक्टर म्हणालेत" एवढं म्हणा. रोज "आज कसा आहे गोळा?" असंही विचारू नका. ज्याची चौकशी होते ते ठाण मांडून बसतं.

पुढच्या भेटीला येताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून आणा: आठवड्यातले किती दिवस गोळा जाणवला, गोळीचा कोणता त्रास झाला, किती रात्री चुकल्या. सहा ते आठ आठवड्यांनी त्या कागदावरून ठरवता येतं की डोस वाढवायचा, औषध बदलायचं की थांबवायचं. आणि गोळी चालू असतानाच घास अडू लागला, आवाज बसला, वजन उतरू लागलं किंवा मानेत गाठ लागली, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात या, आणि दुर्बिणीने घसा पुन्हा पाहायला सांगा.